पुढची स्लाइड

तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी पर्सोनेल खात्यात लागलो. पुढे खात्याचं नाव एचआर झालं, तरी माझ्याकडची कामं बदलली नाहीत: हॉलची किल्ली, चहाची ऑर्डर आणि प्रोजेक्टर. साहेब उभे राहून "नेक्स्ट" म्हणतात तेव्हा कोपऱ्यात लॅपटॉपपाशी बसून बटण दाबणारा जो इसम असतो, तो मी. या खुर्चीचा फायदा असा की इथून सगळा हॉल दिसतो. वक्ता पडद्याकडे बघत असतो, श्रोते मांडीवरच्या मोबाइलकडे आणि वरिष्ठ मंडळी घड्याळाकडे. एकमेकांकडे कोणीच बघत नाही. प्रभावी प्रेझेंटेशन कसं करावं यावर बोलायला बोईसरमध्ये माझ्याइतका लायक माणूस सापडणार नाही, कारण मी ते कधी केलेलंच नाही.

या विषयावरची पुस्तकं सुरू होतात ती श्रोत्यांच्या नजरेला नजर कशी द्यावी इथून. आमच्याकडे सुरुवात होते चिल्हार फाट्यापासून. हेड ऑफिस अंधेरीला, प्लांट बोईसरला आणि मध्ये मुंबई–अहमदाबाद महामार्ग. कार्यक्रम अकराचा असतो. साडेदहाला साहेबांचा फोन येतो, "चिल्हार फाट्यावर आलोय, वळतोच आता." महामार्ग सोडून बोईसरकडे वळायचं ते याच फाट्यावर, त्यामुळे बाहेरच्या माणसाला वाटेल की आता चहा टाकायला हरकत नाही. इथला माणूस चहा टाकत नाही. "चिल्हार फाटा" म्हणजे साहेब विरार फाट्यावर आहेत. "मस्तान नाका सोडला" म्हणजे वर्सोव्याच्या पुलावर आहेत. आणि "निघालो" म्हणजे आंघोळीला निघाले आहेत.

ज्यांच्यासाठी हा घाट, ती मंडळी मात्र कधीची येऊन बसलेली असतात. कोणी सफाळ्याहून, कोणी केळवे रोडहून, कोणी वाणगावहून. डहाणूपर्यंत लोकल आली ती २०१३ साली. त्याआधी सगळी भिस्त शटलवर आणि लांबच्या गाड्यांवर. एक गाडी चुकली की अर्धा दिवस कापला जातो हे ज्याला पगाराच्या स्लिपवर दिसलेलं आहे, तो माणूस उशीर करत नाही. म्हणून आमच्या हॉलमध्ये श्रोते वेळेवर आणि वक्ता उशिरा ही रीत पडून गेली. पहिल्या मिनिटात श्रोत्याला जिंकावं असं तज्ज्ञ सांगतात. आमच्याकडे पहिलं मिनिट घोडबंदरच्या ट्रॅफिकला जातं, दुसरं "मागे आवाज येतोय का?" याला आणि तिसरं एचडीएमआयच्या केबलला. चौथ्या मिनिटाला जिंकण्यासारखा श्रोता शिल्लक नसतो. तो चहाच्या टेबलाकडे बघून समोसे मोजत असतो.

तयारीचं म्हणाल तर नवीन प्रेझेंटेशन तयार होताना मी पाहिलेलं नाही. जुनंच दर वर्षी थोडं वाढतं. त्यात कंपनीचे प्लांट गुजरातेतही असले की आणखी मजा. मुळात ते वापीसाठी केलेलं असतं. तारीख बदलली जाते, पहिल्या पानावरचं नाव बदललं जातं आणि शेवटच्या पानावर "टीम वापीचे मनःपूर्वक आभार" तसंच राहतं. आमच्या लोकांनी वापीसाठी अनेकदा टाळ्या वाजवल्या आहेत. मला खात्री आहे की तिकडे वापीत कोणीतरी अंकलेश्वरसाठी वाजवत असेल.

खासगीत वापी, तर सरकारीत आठ तालुके. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा होऊन पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला. कोळगावला सिडकोने मुख्यालयाच्या इमारती बांधल्या, आणि जिल्ह्याबरोबर एक प्रेझेंटेशनही जन्माला आलं. ते "सागरी, नागरी आणि डोंगरी" या तीन शब्दांनी सुरू होतं. हे शब्द कानावर पडले की मी खुर्चीत जरा सैल बसतो, कारण पुढच्या आठ स्लाइड ठरलेल्या असतात: पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा. प्रत्येक तालुक्याचं क्षेत्रफळ आणि लोकसंख्या. ऐकणारे त्याच तालुक्यांत जन्मलेले असतात, तरी कोणी अडवत नाही. आपलं गाव पडद्यावर आलं की माणसाला बरं वाटतं, आणि तो शेजाऱ्याला कोपराने ढोसून "आपला मोखाडा" म्हणतो.

सरकारी सादरीकरणातलं खरं नाट्य फॉन्टचं. ज्या कॉम्प्युटरवर ते टाइप झालेलं असतं त्यात कृतिदेव असतो आणि ज्यावर दाखवायचं त्यात नसतो. मग पडद्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम आणि टक्क्याची चिन्हं यांची एक रांग उभी राहते. अशा वेळी कच्चा वक्ता घामाघूम होतो. मुरलेला वक्ता पडद्याकडे बोट दाखवून शांतपणे म्हणतो, "जसं आपण इथे पाहू शकता." आणि लोक माना डोलावतात. हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. स्लाइडवर काय लिहिलंय याने फरक पडत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

पहिल्या स्लाइडच्या चारही कडांना वारली चित्र असतं, मग ती स्लाइड औषधाच्या कारखान्याची असो नाहीतर वसुलीच्या आकडेवारीची. मध्ये "मागील तिमाहीचा आढावा" आणि भोवती तारपा नाचतोय. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशेंनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. स्लाइडच्या कडेवर मात्र तिला दुसऱ्या कोणी नेलं. मूळ रीत अशी की लग्नघरी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक लिहितात, चौकात पालघट देवी असते, आणि धवलेरी गाऊन लग्न लावते. म्हणजे चित्र भिंतीवर आणि शब्द बाईच्या तोंडात. चित्रात काय आहे ते वाचून दाखवण्याचं काम धवलेरीला कोणी सांगत नाही. तारपा नाचताना तारप्याला, म्हणजे त्या वाद्याला, पाठ दाखवायची नाही, असंही इकडे सांगतात. आमचे साहेब ज्या स्लाइडवर तारपा नाचतो तीच स्लाइड हॉलला पूर्ण पाठ करून अक्षर न् अक्षर वाचतात.

आता थोडा इतिहास सांगतो, कारण प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये तो असतोच आणि तेव्हाच लोक बाथरूमला जातात. पॉवरपॉइंट हे रॉबर्ट गास्किन्स आणि डेनिस ऑस्टिन या दोन अमेरिकन माणसांचं काम. १९८७ मध्ये मॅकिंटॉशवर काळ्यापांढऱ्या रूपात ते आलं, त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने एक कोटी चाळीस लाख डॉलरला ते बनवणारी कंपनीच विकत घेतली. तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं १९६९ साली. म्हणजे देशातलं पहिलं अणुवीज केंद्र, अमेरिकन अणुभट्ट्या आणून, एकही स्लाइड न फिरवता उभं राहिलं. आज त्याच परिसरात एखाद्या कारखान्याच्या सायकल स्टँडला नवीन पत्रे घालायचे तर बावीस स्लाइडचं प्रपोजल लागतं. त्यातल्या दोन पावसावर असतात.

मी असं म्हणत नाही की स्लाइड वाईट. गाय कावासाकी नावाचे एक अमेरिकन गृहस्थ आहेत, त्यांनी सोपा नियम सांगितला: दहा स्लाइड, वीस मिनिटं, अक्षर तीस पॉइंटाचं. आमच्या एका मॅनेजरने हा नियम कुठेतरी वाचला आणि तीस स्लाइड, वीस पानांचं हँडआउट आणि दहा पॉइंटाचं अक्षर असा अमलात आणला. आकडे तेच होते. मागच्या रांगेतून कोणीतरी "साहेब, दिसत नाही" म्हणालं, तेव्हा ते म्हणाले, "काही हरकत नाही, मी वाचून दाखवतो."

पण माझं मुख्य म्हणणं वेगळं आहे, आणि ते मी कैझनच्या, म्हणजे कामातल्या छोट्या सुधारणांच्या, स्पर्धेत शिकलो. प्रेझेंटेशन म्हणजे ज्याला माहीत आहे त्याला गप्प बसवून ज्याला माहीत नाही त्याला बोलतं करण्याची एक पद्धतशीर व्यवस्था आहे.

झालं असं. आमच्या प्लांटमध्ये दोन व्हॉल्व्ह शेजारी शेजारी होते, दिसायला जुळे. नाइट शिफ्टला, डोळ्यांवर झापड असताना, भलताच व्हॉल्व्ह फिरवला जायचा. मुरब्याकडचा एक जुना ऑपरेटर होता. त्याने घरून जाळ्याची जुनी दोरी आणली आणि एका व्हॉल्व्हच्या चाकाला घट्ट गुंडाळली. आता हात लावला की कळायचं, डोळे उघडे असोत की नसोत. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. चूक बंद झाली. गोष्ट इथेच संपायला हवी होती, पण ती एका तरुण इंजिनिअरच्या कानावर गेली आणि तिचं कैझन झालं.

कैझनला ठरलेला साचा असतो. आधी प्रॉब्लेम स्टेटमेंट. मग "का?" असं पाच वेळा विचारायचं. त्यानंतर जपानच्या काओरू इशिकावांच्या नावाने ओळखला जाणारा फिशबोन डायग्राम, म्हणजे माशाचा सांगाडा, ज्याच्या एकेका काट्यावर माणूस, यंत्र, पद्धत, माल अशी कारणं लिहायची. मग "बिफोर" आणि "आफ्टर"चे फोटो. शेवटी वार्षिक बचत, रुपयांत. दोरीची बचत रुपयांत काढायला अकाउंट्सचे दोन लोक लागले. ऑपरेटरला टीममध्ये घेतलं होतं, कारण नियमानुसार टीममध्ये एक कामगार लागतो. तो रंगीत तालमीला रोज यायचा आणि हाताची घडी घालून बसायचा. सगळ्या तयारीत तो एकदाच बोलला. पडद्यावर फिशबोन आला तेव्हा त्याने मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, काटे उलटे लावलेत."

इंजिनिअर म्हणाला, "म्हणजे?"

"काटे शेपटीकडे झुकलेले असतात. तुमचे तोंडाकडे झुकलेत. हा मासा पोहायला लागला तर मागे जाईल."

मासा दुरुस्त करण्यात आला. स्पर्धेत इंजिनिअर इंग्रजीत बोलला आणि चांगला बोलला. ऑपरेटर त्याच्या बाजूला इस्त्रीचा शर्ट घालून, हातात लेझर पॉइंटर धरून उभा होता. कुठे रोखायचा हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो लाल ठिपका पूर्ण वेळ परीक्षकांच्या पाण्याच्या बाटलीवर स्थिर होता. परीक्षकांनी विचारलं, "दोरीच का? रंग का नाही दिला?" इंजिनिअरने व्हिज्युअल मॅनेजमेंट, अर्गोनॉमिक्स आणि कॉस्ट इफेक्टिव्हनेस या तीन शब्दांवर दोन मिनिटं काढली. मग परीक्षक ऑपरेटरकडे वळले. तो म्हणाला, "रंग झोपेत दिसत नाही." हॉलमध्ये पहिल्यांदा सगळे हसले आणि पहिल्यांदा सगळ्यांना कळलं. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, कॅसरोलचा सेट. टीम पाच जणांची आणि कॅसरोल तीन, हा प्रश्न माझ्याच टेबलावर आला. त्याचं कैझन कोणी केलं नाही.

हसण्यावारी नेण्यासारखं हे सगळंच नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परत येताना जळालं. त्यात कल्पना चावला होती. उड्डाणाच्या वेळी फोमचा एक तुकडा पंखावर आपटला होता आणि यान वर असतानाच इंजिनिअरांनी त्या धोक्याचं प्रेझेंटेशन केलेलं होतं. एडवर्ड टफ्टी या अभ्यासकाने त्यातली एक स्लाइड नंतर उलगडून दाखवली. मोठ्या मथळ्यात सगळं ठीक असल्याचा सूर. आणि आपटलेला तुकडा चाचणीत वापरलेल्या तुकड्यापेक्षा सहाशेहून अधिक पट मोठा होता, ही गोष्ट अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, बुलेटच्या पोटातल्या बुलेटमध्ये. चौकशी मंडळानेही आपल्या अहवालात या पद्धतीवर बोट ठेवलं. केमिकल झोनमध्ये काम केलेल्या माणसाने हे एकदा वाचलं की त्याची नजर आपोआप स्लाइडच्या तळाशी जाते. तिथे काय लपवलंय ते आधी बघायचं, मथळा नंतर.

आमच्याकडे सुरक्षेच्या प्रेझेंटेशनचा हंगाम ४ मार्चला सुरू होतो, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला. आठवडाभर छातीला हिरवी फीत, घोषवाक्य स्पर्धा, शपथ आणि हॉल. सुरक्षेच्या स्लाइडवरचा कामगार कायम परदेशी असतो. निळे डोळे, पांढरंशुभ्र हेल्मेट, हसरा चेहरा, मागे निळं आकाश. त्याच्या बुटावर साधी धूळही नाही. आमचे लोक त्याच्याकडे कुतूहलाने बघतात. एकाने मला विचारलं होतं, "हा कुठल्या शेडला आहे?"

आणि त्याच कारखान्यात रोज, शिफ्ट सुरू होताना, गेटच्या आत उभ्या उभ्या एक प्रेझेंटेशन होतं, त्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. पाच मिनिटं. पडदा नाही, माइक नाही. समोर अर्धवर्तुळात उभे असलेले लोक कोणी वाड्याचे, कोणी बिहारचे, कोणी ओडिशाचे, म्हणून भाषा बोईसरची हिंदी. आमचा एक सुपरवायझर टाकी साफ करायच्या दिवशी एवढंच सांगायचा: "टाकी में उतरने से पहले ऑक्सिजन चेक. बास नहीं आता मतलब गॅस नहीं, ऐसा नहीं. और अंदर कोई गिरा दिखा, तो उसके पीछे कूदने का नहीं. पहले चिल्लाने का." हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो, टाकीत पडलेल्याला वाचवायला दुसरा उतरतो, त्याला वाचवायला तिसरा, आणि बातमी तिघांची येते. हे सगळं त्या चार वाक्यांत होतं. बोलताना तो एकेकाच्या तोंडाकडे बघायचा आणि मध्येच कोणालाही विचारायचा, "क्या करने का?" उत्तर आलं नाही तर त्या माणसाला त्या दिवशी टाकीवर घ्यायचा नाही. एवढी कडक प्रश्नोत्तरं मी कुठल्याच हॉलमध्ये पाहिली नाहीत. हा सुपरवायझर सेफ्टी वीकच्या कार्यक्रमात शेवटच्या रांगेत बसायचा आणि दिवा मालवला की झोपायचा. मी त्याला उठवत नसे.

दिव्यावरून आठवलं. तारापूरच्या चारही अणुभट्ट्या धरून क्षमता आहे १,४०० मेगावॅट. पाहुणे वक्ते हे वाक्य आदराने म्हणतात, आणि नेमकी तेव्हाच बोईसरमध्ये लाईट जाते. पाहुणे चमकतात. त्यांना समजावून सांगावं लागतं की वीज ग्रिडमध्ये जाते, शेजारी राहतो म्हणून आपल्याला वेगळी तार नसते. जनरेटर सुरू होईपर्यंत हॉल अंधारात. पडदा गेला की वक्ता जागच्या जागी बंद पडतो, कारण त्याचं पुढचं वाक्य पडद्यावर असतं. श्रोते मात्र सुरू होतात. एकदा अशाच अंधारात मेंटेनन्सवाल्याने प्रॉडक्शनवाल्याला मोठ्याने विचारलं की तुमचा तो पंप सारखा का ट्रिप होतो. प्रॉडक्शनवाल्याने सांगितलं. स्टोअरवाल्याने तिसऱ्या कोपऱ्यातून सांगितलं की त्याचं सील दोन महिने आपल्याकडे पडून आहे, मागितलंय कोणी? पाच-सात मिनिटांत तिघांनी मिळून सोमवारचं शटडाउन ठरवलं. लाईट आली. साहेब म्हणाले, "ओके, आपण पुन्हा वळू या विभागांमधल्या संवादाच्या अभावाकडे." मी बटण दाबलं. त्या बैठकीच्या इतिवृत्तात लिहिलं गेलं की तांत्रिक अडचणीमुळे सात मिनिटं वाया गेली. इतिवृत्त मीच टाइप केलं.

कंपनीच्या हॉलमधला श्रोता पगारी असतो, त्यामुळे तिथे कोणाचा खरा कस लागत नाही. प्रेझेंटेशनचा कस बघायचा तर जनसुनावणीला जावं. हौस म्हणून मी अशा सुनावण्यांना जाऊन बसतो. पर्यावरण आघात मूल्यांकनाची १४ सप्टेंबर २००६ची केंद्राची अधिसूचना आहे, तिच्यात स्पष्ट लिहिलंय की सुनावणीची सुरुवात प्रकल्पवाल्यांच्या प्रतिनिधीने प्रेझेंटेशन करून करायची. माझ्या माहितीत कायद्याने सक्तीचं असलेलं हे एकमेव प्रेझेंटेशन. निदान तीस दिवस आधी पेपरात नोटीस द्यायची, जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीने वरिष्ठ अधिकाऱ्याने बसायचं, सगळ्याचं चित्रीकरण करायचं, हजर असलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारू द्यायचा आणि शेवटी काय काय मुद्दे निघाले ते स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं. गणसंख्येची अट नाही. म्हणजे समोर एकही माणूस नसला तरी प्रेझेंटेशन होऊ शकतं. हे कलम लिहिणाऱ्याला स्लाइडचा दांडगा अनुभव असणार.

पालघरात माणूस नाही असं मात्र होत नाही. वाढवण बंदराची सुनावणी १९ जानेवारी २०२४ रोजी पालघरला झाली आणि त्याच वर्षी ३० ऑगस्टला पंतप्रधानांनी पालघरमध्येच बंदराची पायाभरणी केली. मधल्या काळात या जिल्ह्यात बंदराच्या बाजूने आणि विरोधात जितकं बोललं गेलं तितकं कुठल्या लग्नात बोललं जात नाही. इथल्या किनाऱ्याला सुनावण्यांची सवय आहे. न्यायमूर्ती धर्माधिकारी अध्यक्ष असलेल्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये याच बंदराला नकार दिला होता आणि २०२३ मध्ये प्राधिकरणाने परवानगी दिली. पंचवीस वर्षं जे लोक असं ऐकत आणि विचारत आले, त्यांच्यापुढे स्लाइड घेऊन उभं राहणं सोपं नाही.

मी सांगतोय ती सुनावणी दुसऱ्याच, लहान प्रकल्पाची. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, बाजूला पोलीस, मागे पाण्याचे जार. सल्लागार कंपनीचा तरुण मुंबईहून आला होता. मुलगा चांगला होता, चिल्हार फाट्याच्या भानगडीत न पडता आदल्या रात्रीच येऊन राहिला होता. त्याने तयारी केली होती, अक्षरं मोठी ठेवली होती, मराठी युनिकोडमध्ये होती, पाठ करून आला होता आणि लोकांकडे तोंड करून बोलत होता. प्रशिक्षणात शिकवतात ते सगळं त्याने केलं. नकाशा दाखवला. निळ्या समुद्रात एक लाल चौकोन, बाकी सगळं मोकळं. तो म्हणाला, "या भागात कोणतीही मानवी रचना आढळलेली नाही."

मच्छीमार सोसायटीचे एक वृद्ध गृहस्थ उठले. त्यांनी माइक नाकारला. म्हणाले, "साहेब, नकाशा मागे घ्या जरा. यात आमच्या कवी कुठे आहेत?"

किनाऱ्यावर राहणाऱ्याला सांगायला नको, पण आतल्या वाचकासाठी सांगतो: समुद्रात खुंट रोवून डोल जाळं लावायची ठरलेली जागा म्हणजे कव. पाण्यावरून बघाल तर काही दिसत नाही. खाली मात्र कुणाची कव कुठे संपते हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं, आणि तेवढ्यावरून गावागावांत वाद झालेले आहेत. तरुणाला यातलं काही माहीत नव्हतं, पण प्रश्न कोणताही आला तरी गोंधळायचं नाही हे त्याला शिकवलेलं होतं. त्याने वहीत लिहून घेतलं, आदराने मान हलवली आणि म्हणाला, "खूप महत्त्वाचा मुद्दा आहे काका. परिसरातल्या कवींची दखल आम्ही सामाजिक आणि सांस्कृतिक परिणामांच्या प्रकरणात नक्की घेऊ."

मांडवात क्षणभर कोणालाच काही कळलं नाही. मग बायकांच्या बाजूने हसू फुटलं ते थांबेना. पोलीस हसले. चित्रीकरण करणाऱ्याचा कॅमेरा हलला, आणि तो भाग नियमाप्रमाणे सरकारदरबारी जमा आहे. वृद्ध गृहस्थ मात्र हसले नाहीत. त्यांनी पुढे होऊन त्या मुलाच्या हातातला पॉइंटर मागून घेतला आणि पडद्यावर दाखवायला सुरुवात केली. ही आमची, ही शेजारच्या गावाची, इथे खडक आहे, इथे पावसाळ्याआधी पापलेट अंड्यावर येतं, इथून बोटी वळतात. मोकळ्या निळ्या समुद्रात लाल ठिपका फिरत राहिला आणि समुद्र भरत गेला. तो मुलगा भराभर लिहून घेत होता. लॅपटॉपवर त्यांचाच एक माणूस बसला होता, त्याने सवयीने पुढची स्लाइड लावली, चार जण एकदम ओरडले, "मागे घे!" त्याने घाईघाईने मागे घेतली. बटणवाल्याचं असं चुकलेलं मी ताबडतोब ओळखतो.

सुनावणी संपली, मुद्दे वाचून दाखवले गेले. त्यात "कव" या शब्दापाशी वाचणारे अधिकारी किंचित थांबले आणि पुढे गेले. बाहेर गाड्यांपाशी सल्लागार कंपनीचे मोठे साहेब उभे होते, वातानुकूलित गाडीचं दार उघडं ठेवून. मला त्यांनी स्थानिक म्हणून हेरलं असावं. जवळ बोलावून त्यांनी हळूच विचारलं, "इथे चांगलं पापलेट कुठे मिळेल हो? घरून सांगितलंय."

मी त्यांना सातपाटीचा रस्ता सांगितला. आणि सांगितलं की भाव ऐकून घ्या, पसंत पडला तर घ्या. तिथे प्रश्नोत्तरांना वेळ ठेवलेला नसतो.